नदीत उतरून गळ टाकायला बूट कुठले घ्यावेत? (कोयना, वारणा, कृष्णा)

काठावरचा (कराड)
१४ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आजवर गळ टाकला तो काठावर बसून. आता रीळ-काठी घेऊन पाण्यात उतरायचं आहे. मुख्यतः कोयनेत, हेळवाकच्या खालपासून पाटणपर्यंत. उन्हाळ्यात अधूनमधून वारणेवर आरळ्याच्या बाजूला, आणि सांगलीला मेहुण्यांकडे गेलो की कृष्णेत.

अडचण अशी की पाय ठरत नाही. पाणी गुडघ्याएवढंच, ओढही बेताची, पण गोट्यांवर शेवाळ इतकं की साध्या स्पोर्ट्स शूजमध्ये उभं राहून गळ फेकणं जमत नाही. सगळं लक्ष पायाकडे जातं. परदेशी व्हिडिओंत पाण्यात उतरून चालायचे खास वेडिंग बूट दिसतात. कुणाचा सोल फेल्टचा (नमद्यासारख्या दाबलेल्या तंतूंचा), कुणाचा रबराचा, कुणाच्या सोलला खिळे. शंभर ते अडीचशे डॉलरची किंमत आणि वर सीमाशुल्क, म्हणून आधी विचारतोय.

आपल्या काळ्या दगडावर यातलं काय चालतं? तिन्ही नद्यांना पुरेल असा एकच जोड मिळेल का? शेतात वापरतो ते गमबूट चालतील का? आणि माप कसं धरायचं?

सह्यरान (सातारा)
१४ जानेवारी, रात्री १०.२५

ट्रेकिंगच्या अंगाने सांगतो. सह्याद्रीत ओल्या कातळावर अ‍ॅक्शन कंपनीच्या ट्रेकिंग बुटांवर पुष्कळ जणांचा भरवसा आहे, माझाही आहे. रबर चांगलं धरतं, किंमत आवाक्यात. ओढे ओलांडायला, धबधब्याच्या वाटेला ते पुरतात.

पण पावसाने ओला झालेला कातळ वेगळा आणि बारा महिने पाण्याखाली असलेला कातळ वेगळा. पहिल्यावरचं पाणी सोलच्या खाचांतून निघून जातं आणि रबर दगडाला भिडतं. दुसऱ्यावर मध्ये शेवाळ असतं. रबर कितीही भारी असलं तरी ते शेवाळाला टेकतं, दगडाला नाही. त्यामुळे कोयनेत मी नुसत्या ट्रेकिंग बुटांवर विसंबणार नाही.

दुकानात एक करा. सोलमध्ये अंगठ्याचं नख दाबून बघा. अजिबात दबत नसेल तर ते रबर ओल्या दगडाचं नाही. खोल दाते बघून भुलू नका. दाते चिखलासाठी असतात. गुळगुळीत दगडावर जितकं जास्त रबर टेकेल तितकी पकड जास्त.

आणि कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेले जुने बूट नदीसाठी बाहेर काढू नका. सोलमधला पॉलियुरेथेनचा (फोमसारखा) थर दमट हवेत न वापरताही आतून कुजत जातो. वरून नवा दिसणारा बूट असतो आणि भर पाण्यात सोल सुटून येतो.

काळा पाषाण (सातारा)
१५ जानेवारी, सकाळी ७.१०

आपल्याकडचा दगड सगळीकडे बेसॉल्टच, पण तो एकसारखा नाही, आणि बुटाच्या निवडीत याला फार महत्त्व आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, म्हणून तिथला कातळ भोकाभोकांचा. काही ठिकाणी ती भोकं पांढऱ्या झिओलाइटने किंवा गारगोटीने भरलेली दिसतील. थराच्या मधला भाग मात्र घट्ट आणि बारीक कणांचा. नदी त्याला घासून घासून आरशासारखा नितळ करते. भोकाभोकांच्या कातळावर साधं रबरही छान धरतं, कारण पकडायला खडबडीत जागा असते. घट्ट काळ्या पाषाणावर तशी जागाच नसते. एकाच नदीत शंभर पावलांच्या अंतरावर दोन्ही प्रकार भेटतात, म्हणून एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी जशाच्या तसा लावू नका.

कातळाच्या पात्रात रांजणखळगेही असतात. काहींचं तोंड अरुंद आणि पोट खोल. वर गढूळ पाणी असेल तर पाय सरळ आत जातो. इथे पकड कामाला येत नाही, पुढे चाचपायला हातात काठीच लागते.

शेवाळाचा हंगामही लक्षात ठेवा. पावसाळ्यात पुराबरोबर वाहणारी वाळू आणि गोटे दगड घासून काढतात. दिवाळीनंतर पाणी निवळलं, ऊन तळापर्यंत पोचायला लागलं की थर पुन्हा चढतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तो सगळ्यात जाड. म्हणजे तुम्ही उतरायचं म्हणताय तेव्हाच.

दक्षिणवारा (क्राइस्टचर्च, मूळ वाई)
१५ जानेवारी, दुपारी १२.३५

मी इथे न्यूझीलंडमध्ये ट्राउटसाठी नदीत उतरतो आणि सुट्टीला आलो की वाई-मेणवलीच्या बाजूला कृष्णेत. दोन्हीकडचं मिळून लिहितो.

शेवाळलेल्या दगडावर फेल्टला तोड नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. फेल्टचे तंतू शेवाळात घुसतात, ते थोडं पुसून काढतात आणि दगडाच्या उंचसखलपणाशी जुळवून घेतात. रबर तसं करू शकत नाही. शिवाय फेल्टचा पाण्यात आवाज होत नाही. आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे खिळ्यांची कर्रकर्र माशाला लांबून कळते.

तरीही मी स्वतः फेल्ट वापरत नाही, कारण इथे त्याला बंदी आहे. २००४ मध्ये दक्षिण बेटावरच्या नदीत डिडिमो नावाचं परकं शेवाळ सापडलं. ते गोट्यांवर जाड गोधडी पसरल्यागत वाढतं आणि त्याची एक पेशीसुद्धा ओल्या फेल्टमधून दुसऱ्या नदीत जाऊ शकते. फेल्ट आतपर्यंत लवकर वाळत नाही, हाच त्याचा दोष. २००८ पासून इथे फेल्टचे सोल चालत नाहीत. अमेरिकेतही यलोस्टोन नॅशनल पार्कने २०१८ पासून मनाई केली आहे.

भारतात अशी बंदी नाही, पण कारण आपल्यालाही लागू पडतं. आपल्याकडे जलपर्णी आहे, कृष्णा-पंचगंगेत तिने काय केलंय ते सांगलीकरांना माहीत आहे. एका नदीतून दुसऱ्या नदीत जाताना बूट धुऊन पूर्ण वाळवा. इथला नियम असा की आतपर्यंत वाळल्यावर आणखी ४८ तास तसेच राहू द्यायचे. एका रविवारी सांगलीची कृष्णा आणि लगेच दुसऱ्या सकाळी कोयना, असं ओल्या फेल्टने करू नका. कोयना अजून स्वच्छ आहे, ती तशीच राहायला हवी.

भोईआळी (माहुली)
१५ जानेवारी, रात्री ८.०५

आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या नदीत उतरत्यात, बुटाशिवाय. पायाला दगूड कळाय पायजे, मग पाय आपसूक जागा धरतोय. पर आमचा तळवा तसा झालाय, शेरातल्या माणसाचा न्हाई, आनि नदी बी पयल्यासारकी न्हाई. बाटल्यांच्या काचा, तुटकं गळ, घाटाखाली निर्माल्यातल्या तारा. आता आमची पोरं बी कायतरी घालत्यात पायात, म्या तर घालाच म्हंतो.

शेवाळाचं एक सांगतो. हिरवं, लोंबणारं शेवाळ असतंय ना, ते दिसतंय, त्याला मानूस जपतोय. खरा घात करतंय ते तपकिरी. सायीवानी पातळ, दगडावर बसल्यालं, लांबनं दगूड नुसता वला दिसतोय. त्याच्यावर कुटलाबी बूट सरकतोय. तवा उन्हात दगडाचा रंग बगायचा. तपकिरी झाक असंल तर त्या दगडावर पाय न्हाई, दोन दगडांच्या मदल्या खडीत पाय घालायचा. खडी हालती, पर खडी पाडत न्हाई.

दुसरं, गमबूट. लय जन गमबूट घालून उतरत्यात. घोट्याएवढ्या पान्यात ठीक. गुडघ्याच्या वर पानी गेलं की आत शिरतंय, पाय उचलत न्हाई, आनि गमबुटाला नाडी नसती म्हून चिकलात बूट ऱ्हातोय आनि पाय भायेर येतोय.

टाचणी (मिरज)
१५ जानेवारी, रात्री ९.५०

भोईआळी दादांशी पूर्ण सहमत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून घोट्याबद्दल थोडं.

गोट्यांवर पाय बहुतेक वेळा आतल्या बाजूला मुरगळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. घोट्याच्या वर येणारा, नाडीने घट्ट बांधता येणारा बूट हे मुरगळणं पुष्कळ रोखतो. गमबूट उंच असतो पण घोट्याभोवती सैल, त्यामुळे त्याच्या उंचीचा इथे उपयोग नाही. पुढे बोटांवर टणक टोपी हवी, दगडात अडकून नख निघण्याचे प्रकार फार होतात. सोल इतका जाडही नको की खालचा दगड कळणारच नाही. पायाला जमिनीची खबर मिळाली तर स्नायू वेळेवर आवळतात. दादा ज्याला "दगूड कळाय पायजे" म्हणतात ते हेच.

उघड्या जखमेने नदीत उतरू नका. गुराढोरांचं, उंदरांचं मूत मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि त्याला कातडीवरची लहानशी चीरही पुरते. उतरल्यानंतर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना नदीत उतरल्याचं आवर्जून सांगा.

काठावरचा (कराड)
१६ जानेवारी, सकाळी ८.३०

मंडळी, मनापासून आभार. इतकं कळलं की गमबूट बाद आणि शेवाळासाठी फेल्ट. मग कोयनेला फेल्टचा जोड घेऊन तोच सांगलीत वापरला तर? धुऊन-वाळवून अर्थातच.

हरिपूरकर (सांगली)
१६ जानेवारी, दुपारी १.१५

काठावरचा, सांगलीत फेल्ट आणू नका. आणि खरं सांगायचं तर सांगलीत पाण्यात उतरूच नका.

आधी फेल्टचं. कराडच्या खाली नदीचा स्वभाव बदलतो. इकडे दोन्ही काठ काळ्या मातीचे, पात्रात गाळ, त्यात ठिकठिकाणचे बंधारे, त्यामुळे पाणी तुंबलेलं. फेल्टच्या तळाला ही चिकण माती अशी बसते की दहा पावलांत सोल गुळगुळीत होतो, आणि मग सपाट चिखलावरही माणूस घसरतो. इथे खोल दात्यांचं रबर लागतं, दाते लांब-लांब असलेलं, म्हणजे माती अडकून राहत नाही. काठ चढता-उतरतानाच त्याची गरज आहे. गाळात पाय रुतला तर ताकद लावून सरळ वर ओढू नका, टाच हलवून आधी आत पाणी शिरू द्या, मग पाय सुटतो.

आता मुख्य गोष्ट. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज ते सांगली-हरिपूर या पट्ट्यात मगरी आहेत. हे ऐकीव नाही. माणसांवर हल्ले झालेत, जीव गेलेत. उन्हाळ्यात पाणी कमी होतं, मगरी उरलेल्या डोहांत एकवटतात, आणि तोच त्यांचा अंडी घालायचा आणि घरट्याची राखण करायचा काळ. मगर काठाजवळच्या गढूळ पाण्यात बुडून राहते, नुसते डोळे आणि नाकपुड्या वर, त्याही दिसतीलच असं नाही. गुडघाभर पाण्यात पाठमोरा, एका जागी उभा राहिलेला माणूस तिला नेमका सापडतो. आमच्या भागात गळ टाकायचा तो उंच काठावरून, पाण्यापासून मागे सरून, संध्याकाळ व्हायच्या आत. मासा धुवायलाही पाण्याशी वाकू नका. चिलापी आणि कटला काठावरूनच भरपूर लागतो, त्यासाठी पाण्यात जायची गरज नाही.

मेहुण्यांकडे जरूर या, बूट मात्र चपलांच्या रॅकवर राहू द्या.

वारणाकाठ (शिराळा)
१६ जानेवारी, रात्री ९.२०

हरिपूरकरांचं म्हणणं आमच्याकडच्या खालच्या वारणेलाही लागू आहे. वर आरळ्याच्या बाजूला दगडगोटे, पाणी नितळ. जसजसं खाली याल तसतसे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि मळ्यांचा गाळ. बंधाऱ्याच्या भिंतीवरून पाणी पातळ वाहत असतं तेव्हा तिच्यावरून चालत पलीकडे जायचा मोह होतो. कुठलेही बूट घाला, ते करू नका. सिमेंटवरचं शेवाळ दगडावरच्यापेक्षा वाईट, आणि खाली पडलात तर पायथ्याशी पाणी गोल फिरतं, माणसाला बाहेर सोडत नाही.

आता स्वस्तातला उपाय. परदेशी बूट न घेता फेल्ट आपल्याकडे लावून घेता येतं. चांगला, घोट्याच्या वरचा, कृत्रिम चामड्याचा किंवा कापडी बूट घ्या. अस्सल चामडं नको, वारंवार भिजून-वाळून ते आकसतं आणि कडक होतं. औद्योगिक सामानाच्या दुकानात फेल्टचे तक्ते मिळतात. लोकरीचा नमदा भिजला की लवकर झिजतो, पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचा घट्ट दाबलेला फेल्ट टिकतो, जाडी साधारण १० ते १२ मिलिमीटर. बुटाचे दाते घासून सपाट करायचे, दोन्ही बाजू खरबरीत करायच्या, बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडचं सोल्यूशन दोन्हींना लावून थोडं सुकू द्यायचं, मग दाबून बसवायचं आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं. कडेने शिलाई घालून घेतली तर उत्तमच. घाई केली की पुढच्या टोकापासून फेल्ट सुटायला लागतं, म्हणून पुढच्या टोकाला विशेष लक्ष द्या.

सह्यरान (सातारा)
१७ जानेवारी, सकाळी ६.५५

फेल्टचा आणखी एक तोटा लिहायलाच हवा. नदीतून बाहेर पडल्यावर काय? कोयनेचा काठ बऱ्याच ठिकाणी उभा, त्यावर गवत. सकाळी दवाने भिजलेलं गवत आणि खाली ओलं फेल्ट, ही जोडी फार वाईट. उतारावर फेल्टला पकडच नसते. नदीत जपून चालणारी माणसं काठ चढताना पडतात. काठी पाण्याबाहेरही सोडू नका, आणि लांब चालून जायचं असेल तर साधे बूट घालून जा, नदीवर पोचल्यावर बदला. ओलं फेल्ट जडही होतं, शिवाय पायवाटेवर चालून झिजतं ते वेगळंच.

दक्षिणवारा (क्राइस्टचर्च, मूळ वाई)
१७ जानेवारी, दुपारी १२.५०

सह्यरान यांनी योग्य आठवण केली. फेल्टवर बंदी आल्यावर इथे आम्ही सगळे रबर आणि धातू या जोडीकडे वळलो, आणि आपल्या सह्याद्रीच्या नद्यांसाठी माझं मत त्याच बाजूला झुकतं.

नुसतं रबर शेवाळावर फेल्टच्या मागे पडतं. त्याला खिळे लावले की बरीच कसर भरून निघते, कारण धातू शेवाळ खरवडून दगडापर्यंत पोचतो. खिळे दोन जातीचे. टंगस्टन कार्बाइडचे अतिशय टणक, टोकदार, वर्षानुवर्षं झिजत नाहीत. मऊ, भोकाभोकांच्या दगडात ते रुततात. पण घट्ट बेसॉल्ट स्वतःच टणक, तिथे ते कधीकधी रुतण्याऐवजी सरकतात. दुसरे अ‍ॅल्युमिनियमचे. हा धातू मऊ, दगडाच्या बारीक कडांवर तो स्वतः दबतो आणि धरतो. झिजतो लवकर, पण काळ्या पाषाणावर मला तोच जास्त भरवशाचा वाटतो. पॅटागोनियाच्या काही बुटांना तळाशी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्याच असतात, त्या याच कारणासाठी. कॉर्कर्स ही कंपनी सोल बदलता येणारे बूट करते, म्हणजे एकाच बुटाला आज रबर, उद्या फेल्ट. तुमच्या "एकच जोड" या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं उत्तर ते आहे, फक्त किंमत आणि मागवण्याची खटपट सोसावी लागेल.

माप. अमेरिकन बुटावरचा आकडा आपल्या आकड्यापेक्षा साधारण एकाने मोठा असतो. भारतात आपण ब्रिटिश माप वापरतो, म्हणजे आपला ८ तो पुरुषांच्या अमेरिकन मापात ९. त्यात भर अशी की बरेच वेडिंग बूट वेडर्सचा (पाणी आत न येणाऱ्या, छातीपर्यंतच्या पँटचा) जाड निओप्रीनचा, म्हणजे फोमसारख्या रबराचा, मोजा आत जाईल असे धरून केलेले असतात. आपल्याकडे वेडर्सची गरज नाही, पाणी एवढं गार नसतं. हाफ पँट आणि दोन-तीन मिलिमीटरचे निओप्रीनचे मोजे पुरे. मोजे आधी घ्या, ते घालूनच बुटाचं माप बघा, आणि संध्याकाळी बघा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. बूट सैल झाला तर आत पाय सरकतो आणि बाहेरची सगळी पकड वाया जाते. पाणी निघून जायला बाजूला जाळीची भोकं हवीत. नाडी नायलॉन-पॉलिस्टरची, सुती नाडी ओली झाली की सैल पडते.

भोईआळी (माहुली)
१७ जानेवारी, रात्री ८.४०

बूट झालं. पर हेळवाक-पाटनला उतरनाऱ्यानं धरनाचं पानी इसरू नये. कोयनेला ऊन असतंय, आभाळ मोकळं असतंय आनि तरी पानी वाडतंय. वरनं सोडलं की यतंय. पान्याचा आवाज बदलला, काडक्या-पाला वाहत याय लागला, मगाशी कोरडा हुता त्यो दगूड भिजला, तर गळ गुंडाळत बसू नगा. गळ टाकून द्या, काठ धरा.

काठावरचा (कराड)
१७ जानेवारी, रात्री ९.०५

दादा, हे फार महत्त्वाचं. सोडलेल्या पाण्याचा आकडा बातमीत वाचतो, पण पात्रात त्याचा अर्थ काय ते उमगत नाही.

काळा पाषाण (सातारा)
१७ जानेवारी, रात्री ९.४५

कोयना धरणाच्या पायथा वीजगृहाची दोन युनिट्स आहेत. एक चालू असेल तर १०५० क्युसेक, दोन्ही चालू असतील तर २१०० क्युसेक पाणी नदीत येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. म्हणजे दोन्ही युनिट्स चालू असताना सेकंदाला जवळपास साठ हजार लिटर. हे पाणी पावसाळ्यापुरतं नाही. खाली टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांसाठी आणि पिण्यासाठी उन्हाळ्यातही सोडतात, म्हणजे तुमच्या हंगामातच.

पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर पायावरचा रेटा चौपट. शिवाय पाणी वाढलं की तुमचं वजन हलकं होतं आणि तळावर पाय टेकण्याचा दाबच कमी होतो. बुटाची पकड त्या दाबावर अवलंबून असते. त्यामुळे पोटरीपर्यंतच्या पाण्यात जो बूट घट्ट धरतो तोच मांडीपर्यंतच्या पाण्यात सुटतो, सोल बदललेला नसतानाही. गुडघा ही सीमा धरा. उतरायच्या आधी काठावरच्या एका दगडावर पाण्याची रेघ लक्षात ठेवा आणि दर थोड्या वेळाने तिच्याकडे बघा. विसर्ग वाढवण्याआधी भोंगा होतो, प्रशासन सूचना देतं, गावात विचारलं तरी कळतं. खळाळात उभं राहिल्यावर भोंगा ऐकू येईलच असं नाही.

आणखी एक. धरणाच्या लगतचा भाग प्रतिबंधित आहे, वरचं कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथे मासेमारी नाही. जलाशयांचे ठेके मच्छीमार सोसायट्यांकडे असतात. नदीच्या पट्ट्यातही आधी स्थानिकांना विचारून उतरणं योग्य, तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. महाशीर लागला तर पाण्यातच गळ काढून सोडून द्यावा अशी कळकळीची विनंती.

टाचणी (मिरज)
१७ जानेवारी, रात्री १०.३०

चालण्याबद्दल. ओढीकडे तोंड किंवा पाठ करून चालू नका, कूस करा, म्हणजे पाण्याला कमी जागा मिळते. काठी वरच्या अंगाला. काठी, एक पाय, दुसरा पाय, असं एका वेळी एकच हलवायचं, पाय उचलण्यापेक्षा तळाशी सरपटत न्यायचा, आणि पाय एकमेकांवरून टाकायचे नाहीत. मागे फिरायचं असेल तर वरच्या अंगाने वळा.

पडलात आणि वाहायला लागलात तर लगेच उभं राहायची धडपड करू नका. पाय दगडांत अडकला आणि अंगावरून पाणी वाहू लागलं तर सुटणं अवघड. पाठीवर व्हा, पाय पुढे, पाण्याच्या दिशेने, आणि तिरपं काठाकडे सरका. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला. पाठीवर सॅक असेल तर छातीचा पट्टा मोकळा ठेवा. एकटं उतरू नका.

काठावरचा (कराड)
१८ जानेवारी, सकाळी ९.१५

तर ठरलं असं. कोयना आणि वरची वारणा यांसाठी रबराचा मऊ सोल असलेला घोट्याच्या वरचा बूट इथेच घेतोय आणि त्याला धातू लावतोय. फेल्ट नको, कारण मला काठावरून बरंच चालावं लागतं आणि दोन नद्यांमध्ये जाणं-येणंही होणार. सांगलीत काठावरूनच, हरिपूरकरांना शब्द दिला. काठी आणि लाइफ जॅकेट बुटाच्या आधी आणतोय.

वारणाकाठ, खिळे घरी लावता येतील का? बुटाचे तयार खिळे (स्टड) इथे दिसत नाहीत.

वारणाकाठ (शिराळा)
१८ जानेवारी, रात्री ८.५०

लावता येतील. हार्डवेअरच्या दुकानात पत्र्याला मारायचे षट्‌कोनी डोक्याचे आखूड स्क्रू मागा. गोल डोक्याचे नकोत, षट्‌कोनी डोक्याच्या कडाच दगड धरतात. स्क्रू स्टीलचेच मिळतील, ते अ‍ॅल्युमिनियमएवढे मऊ नसतात, पण सुरुवातीला पुरेसे आहेत.

लांबी ठरवण्याआधी सोलची जाडी मोजा, आतला तळवा काढून, आणि खाचेत नव्हे तर दात्यावर. स्क्रू त्या जाडीपेक्षा किमान तीन मिलिमीटर आखूड हवा. लावून झाल्यावर बुटात हात घालून सगळीकडे चाचपा, टोक लागलं तर तो काढून आखूड लावा. आधी बारीक भोक पाडून त्यात थोडं सोल्यूशन सोडा, म्हणजे स्क्रू फिरून सुटत नाही आणि पाणीही झिरपत नाही.

जागा कडेने. पुढे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बाजूला, मागे टाचेच्या गोलाईला. चवड्याच्या बरोब्बर मध्ये लावू नका, पूर्ण वजन त्याच्यावर येतं आणि तळवा दुखतो. एका बुटाला दहा-बारा पुष्कळ. त्याहून जास्त लावले तर रबर दगडाला टेकतच नाही, माणूस नुसत्या लोखंडावर उभा राहतो. कोरड्या कातळावर आणि घरच्या फरशीवर हे बूट सरकतात, तेव्हा गाडीतून उतरल्यावर नदीपर्यंत सावकाश जा. डोक्याच्या कडा गोल झाल्या की बदला. पहिल्यांदा उतराल तेव्हा घोटाभर पाण्यात, तपकिरी शेवाळाच्या दगडावर आधाराला कुणीतरी घेऊन उभे राहून बघा, मग कळवा.